पाराचा मध्य कुठे आहे? गोदाघाटावर भूमितीची फेरी आखताना

जुन्या नाशकातल्या एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला गणित शिकवते. दर डिसेंबरात आमचा वर्ग अडीच तास शाळेबाहेर पडतो, गोदाघाटापर्यंत चालत जातो आणि वाटेतल्या वस्तूंची मापं घेऊन परत येतो. मुलं याला ‘भूमितीची फेरी’ म्हणतात. इतर शाळांतल्या शिक्षिका अधूनमधून फोन करतात आणि तुमची प्रश्नपत्रिका पाठवा म्हणतात. ती पाठवून उपयोग होत नाही, कारण तुमच्या शाळेजवळ आमचा पार नाही. म्हणून फेरी आखायची कशी, तेच लिहिते.

पहिल्या वर्षी मी बारा प्रश्न काढले होते. ‘घाटाच्या पायऱ्यांत कोणते चौकोन दिसतात?’, ‘देवळाच्या दारात सममिती शोधा’, ‘तीन समांतर रेषा सांगा’ असे. पासष्ट मुलं, एक टेप, मी आणि शाळेतले शिपाईमामा. अर्ध्या तासात सगळ्यांचे कागद भरून झाले. परत येताना एक मुलगी माझ्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, ‘बाई, हे वर्गात बसूनही लिहिता आलं असतं की.’ तिला तक्रार करायची नव्हती, तिला खरंच तसं वाटलं होतं. आणि ते खरं होतं. पायरी आयताकृती असते हे सांगायला घाटावर जावं लागत नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक प्रश्नाला मी एक कसोटी लावते. तिथे उभं राहिल्याशिवाय आणि मापल्याशिवाय याचं उत्तर देता येतं का? येत असेल तर तो प्रश्न मी फेरीतून काढते, मग तो कितीही छान असो. बारा प्रश्नांचे पाच झाले. पाचाच्या वर आजवर गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. सहावा प्रश्न घातला की मुलं घड्याळाकडे बघायला लागतात आणि मापं घाईत घेतात.

आधी एकटीने चालून या

फेरीचा रस्ता नकाशावर ठरवू नका. ज्या वेळी मुलांना नेणार त्याच वेळी, शक्यतो त्याच वारी, दोनदा चालून या. बुधवारी घाटालगत बाजार भरतो, त्या दिवशी टेप पसरायला जागा नसते. सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालेली असतील, तर गेल्या वर्षीचा मोकळा कोपरा या वर्षी पत्र्यांनी झाकलेला असू शकतो. फेरीच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघून घ्या.

चालताना मी ‘आकार’ शोधत नाही, आकार सगळीकडेच असतात. मी अडचण शोधते. गोल आहे पण मध्यापर्यंत जाता येत नाही. उंच आहे पण वर चढता येत नाही. काटकोन वाटतो पण डोळा खात्री देत नाही. दोन जागा समपातळीत आहेत का हे कळत नाही, कारण मधे पाणी आहे. वस्तू जिथे मापायला अडवते, तिथे मुलांना प्रमेयाची गरज पडते. नाहीतर ती टेप लावतात आणि मोकळी होतात, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही.

पार

आमच्या वाटेवर पिंपळाचा एक गोल पार आहे. दगडी कट्टा, वरून फरशी, मधोमध झाड. प्रश्न एका ओळीचा आहे: या पाराचा व्यास किती?

पहिली दोन मिनिटं मुलं टेप घेऊन पाराभोवती फिरतात. झाड मधे असल्याने टेप आरपार जात नाही. मग कोणीतरी सुतळी गुंडाळून परीघ काढतं. आमच्या पाराचा परीघ गटागटानुसार ११.२० ते ११.४० मीटर येतो, म्हणजे व्यास ३.६० च्या आसपास. ही रीत चांगली आहे, पण इथे थांबू देऊ नका. ‘आता परीघ न मोजता काढा’ असं सांगा आणि पाच मिनिटं गप्प बसा. हे पाच मिनिटं गप्प बसणं मला फार जड जातं. सुरुवातीला मी दुसऱ्या मिनिटाला सूचना द्यायचे आणि मुलांच्या हातातला प्रश्न काढून घ्यायचे.

एका वर्षी एका गटाने कट्ट्याच्या काठावर दोन ठिकाणी खडूची खूण केली, त्यांच्यामध्ये सुतळी ताणून धरली आणि तिच्या मध्यापासून काठापर्यंतचं अंतर मोजलं. सुतळी २.४० मीटर, मधलं अंतर ४६ सेंटिमीटर. पण पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. मी जमिनीवर खडूने आकृती काढली. सुतळी ही जीवा. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, हे आठवीच्या पुस्तकात आहे. त्रिज्या र धरली, तर केंद्रापासून सुतळीपर्यंतचं अंतर र वजा ०.४६, अर्धी जीवा १.२०, आणि कर्ण पुन्हा र. पायथागोरस लावला आणि त्रिज्या १.७९५ मीटर आली. व्यास ३.५९. परिघावरून ३.६०. त्या गटातल्या मुलाने टेप खाली ठेवला, पाराकडे बघितलं आणि पुन्हा वहीत बघितलं. एक सेंटिमीटरचा फरक! त्याला वाटलं आपण कुठेतरी एकाच आकड्यावरून दोन्ही उत्तरं काढली असणार. त्याने पुन्हा मोजलं.

इथे मी मुलांना आपले जुने शब्द सांगते. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, चाप म्हणजे धनुष्य, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्यापर्यंतचं अंतर म्हणजे शर, बाण. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लिहिलेला नियम असा आहे: अर्ध्या ज्येचा वर्ग करा, त्याला शराने भागा आणि त्यात शर मिळवा, म्हणजे व्यास मिळतो. १.४४ भागिले ०.४६ म्हणजे ३.१३, अधिक ०.४६, बरोबर ३.५९. पाठ्यपुस्तकात ‘जीवा’ हा शब्द मुलांनी वर्षभर वाचलेला असतो, पण ताणलेल्या सुतळीकडे आणि कट्ट्याच्या काठाकडे एकत्र बघितलं की धनुष्य दिसतं. ते एकदा दिसलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

तिसरी रीत माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती, ती एका मुलीने शोधली. पाराभोवती चौकोनी फरशी आहे. ती म्हणाली, ‘बाई, पार दोन भिंतींच्या मधे अडकवला तर?’ तिने एका बाजूला फरशीची अशी सांधरेघ निवडली जी पाराला जेमतेम टेकते, आणि पलीकडच्या बाजूला तशीच दुसरी. फरशीच्या सांध्यांच्या रेघा समांतर असतातच. मग पाराच्या बाहेरून, झाडापासून लांब, त्या दोन रेघांमधलं लंब अंतर मोजलं. ३.६४ आलं. चार सेंटिमीटर जास्त का, यावर गटात वाद झाला आणि शेवटी कळलं की एका बाजूची रेघ पाराला टेकतच नव्हती, बोटभर फट होती. नववीत नाही, दहावीत या मुलांना स्पर्शिका शिकवली जाते. तेव्हा मी ‘पाराच्या दोन रेघा आठवा’ एवढंच म्हणते.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न ठेवता येतो: झाड पाराच्या बरोबर मध्यावर आहे का? दोन जीवा घ्या, त्यांचे लंबदुभाजक सुतळीने ताणा. आमच्याकडे दोन्ही दोऱ्या खोडातच घुसतात, पण खोडाच्या एका अंगाने. पार बांधला तेव्हा झाड मधोमध असेल, नंतर ते एका बाजूला जास्त वाढलं असेल, असा तर्क मुलं करतात. मी तो खोडून काढत नाही.

उंची, आणि डोळ्याखालचा खांब

उंची मोजायचं साधन वर्गातच करून घ्या. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायची, मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवायचा, दोऱ्याला लोखंडी वायसर बांधायचा. स्ट्रॉमधून टोक बघायचं, दुसऱ्याने दोरा कुठे थांबला ते वाचायचं. स्ट्रॉ आडवी असते तेव्हा दोरा ९० वर असतो, म्हणून उन्नत कोन, म्हणजे आडव्यापासून नजर जितकी वर गेली तो कोन, ९० वजा वाचन. इथे मुलं हमखास गोंधळतात. म्हणून आठवी-नववीला मी सुरुवातीला ४५ अंशच देते. दोरा ४५ वर येईपर्यंत मागे मागे सरकायचं. मग त्रिकोण समद्विभुज होतो आणि जमिनीवरचं अंतर हीच डोळ्यापासून वरची उंची. त्रिकोणमितीचा एक शब्द लागत नाही.

पहिली वस्तू विजेचा खांब घ्या. काळाराम मंदिराच्या प्रांगणात उभं राहून कळसाची उंची काढायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. काळ्या दगडाचं ते शिखर मुलांना आवडतं, आणि मागे सरकायला जागाही आहे. पण कळसातून ओळंबा सोडला तर तो भिंतीच्या आत, गाभाऱ्याच्या बाजूला पडेल. मुलं भिंतीपर्यंतचं अंतर मोजतात आणि उंची कमी भरते. ही अडचण फार मोलाची आहे, पण ती दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. तेव्हा शिखराच्या बाजूला उभं राहून, देवळाची त्या ठिकाणची रुंदी बाहेरून मोजून तिची निम्मी अंतरात मिळवायची, हे मुलांनाच सुचू द्या. दहावीला दोन जागांवरून दोन कोन घेऊन हेच गणित करता येतं. देवळात मात्र मापं घ्यायची ती कोपऱ्यात राहून, दर्शनाच्या रांगेला आडवं न जाता. टेप भाविकांच्या पायात आला तर पुढच्या वर्षी कोणी उभं करणार नाही, आणि ते योग्यच होईल.

खांबाची गोष्ट सांगते. मागच्या फेरीत सात गटांनी एकच खांब मोजला. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर सगळी उत्तरं लिहिली: ७.६२, ७.५०, ७.७८, ६.२५, ७.५५, ६.१०, ७.७०. उत्तर कोणतं बरोबर ते सांगितलं नाही, मलाही ते माहीत नव्हतं. ‘या आकड्यांकडे बघून काय दिसतं?’ एवढंच विचारलं. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा, एरवी न बोलणारा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, पाच जणांचं साडेसात-पावणेआठ आहे आणि दोघांचं त्यापेक्षा सव्वा-दीड मीटरने कमी. ते दोघं आपल्या डोळ्याखालचा खांब विसरले.’ त्या दोन्ही गटांनी वह्या उघडल्या. डोळ्याची उंची मिळवलीच नव्हती. एकाने १.४२ मिळवले, दुसऱ्याने १.४५, आणि दोन्ही उत्तरं घोळक्यात येऊन बसली. ‘डोळ्याखालचा खांब’ हा शब्द आमच्या शाळेत आता रूढ आहे. आठवीची मुलं नववीच्या मुलांकडून तो शिकून येतात.

डिसेंबरच का

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, अगदी जवळजवळ नेमकं. आकडा असा पूर्णांकात मिळाल्यामुळे आपल्या मुलांना सूर्याचं गणित तोंडी करता येतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास माध्यान्हीला सूर्य ९० वजा २०, म्हणजे ७० अंशांवर असतो. डिसेंबरच्या २२ तारखेला त्यातून आणखी साडेतेवीस गेले की साधारण साडेशेहेचाळीस अंश. म्हणजे त्या दिवशी एक मीटर काठीची दुपारची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर पडते. आणि पावणेबाराच्या सुमारास, तसंच दुपारी एक वीसच्या सुमारास, सूर्य ४५ अंशांवर असतो. त्या वेळी काठीची सावली काठीएवढीच, झाडाची झाडाएवढी, मुलीची मुलीएवढी. शाळेच्या पटांगणात मी एक काठी ओळंब्याने सरळ रोवून ठेवते आणि सावलीचं टोक दर दहा मिनिटांनी खुणेने टिपायला सांगते. सावली आणि काठी सारखी झाली की गट धावत जाऊन ध्वजस्तंभाची सावली मोजतो. समरूप त्रिकोणांचा धडा सुरू व्हायच्या आधी हे झालेलं असेल तर तो धडा अर्ध्या वेळात होतो.

सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही, हे मुलांना चकित करतं. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे आणि आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या जवळ. पावणेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटं. डिसेंबरात आपली माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. हे भूगोलाच्या शिक्षकांना सोबत घेऊन करा, त्यांना आनंद होतो. माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते शून्य सावलीचे दिवस मात्र आपल्याला फारसे हाती लागत नाहीत. २० मेच्या आसपास शाळेला सुट्टी, २३ जुलैच्या आसपास ढग.

दुतोंड्या मारुती

गोदेच्या पात्रात उभी असलेली ही मारुतीची मूर्ती. आमच्या फेरीचा शेवटचा थांबा हा, आणि माझा सगळ्यांत आवडता. नाशिककरांना सांगायला नको: गोदेला पूर आला की ‘पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं’ हीच विचारणा असते. गुडघा, कंबर, छाती, गळा. पिढ्यान्‌पिढ्या शहराने या मूर्तीवर पूर मोजला. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर मुलांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेला असतो, काहींच्या तर घरांत पाणी शिरलेलं असतं.

प्रश्न असा: पाणी मारुतीच्या गळ्याला लागलं, तर घाटाची कोणती पायरी भिजेल?

मूर्तीजवळ जायचं नाही, टेप लावायचा नाही. उंची मोजायचं तेच साधन घ्यायचं, पण दोरा ९० वर ठेवायचा, म्हणजे नजर आडवी. आता पायऱ्या वर-खाली करत अशी पायरी शोधायची की जिथून आडवी नजर बरोबर मारुतीच्या गळ्याला भिडेल. तिथे तुमचा डोळा आणि मारुतीचा गळा एका पातळीत. डोळा तुमच्या तळव्यापासून समजा १.४२ मीटर वर. मग तुम्ही उभे आहात त्या पायरीपासून १.४२ मीटर चढून जायचं. पायऱ्यांची उंची वेगवेगळी असते, म्हणून एक एक मोजत जायचं. सरासरी सतरा सेंटिमीटर धरली तर आठ पायऱ्या पूर्ण बुडतात आणि नववीवर पाणी चढायला लागतं.

मी कंबरेऐवजी गळा घेते, त्याचं कारण सुरक्षिततेचं आहे. गळ्याची पातळी घेतली की मुलं वरच्या कोरड्या पायऱ्यांवर राहतात. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाण्यालगतच्या चार पायऱ्या आमच्या फेरीत कोणीही उतरत नाही, मीसुद्धा नाही. खडूची रेघ मारून ठेवते आणि तिथे एक पालक उभे करते, त्यांचं काम फक्त तेवढंच.

एकदा दोन गटांचं उत्तर तीन पायऱ्यांनी वेगळं आलं. दोघांनीही पुन्हा नजर लावली, तरी तसंच. शेवटी उलगडलं ते असं: एका गटाची स्ट्रॉ कोनमापकाच्या कडेला समांतर चिकटलेली नव्हती, एका टोकाला किंचित वर होती. वीसेक मीटर अंतरावर दीड अंशाची चूक म्हणजे सुमारे अर्धा मीटर, म्हणजे तीन पायऱ्या. लहान कोन लांब गेल्यावर केवढा होतो, हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं होतं. त्या गटाला ते घाटावर कळलं.

बाकीचे दोन थांबे

हे पटकन सांगते. एक म्हणजे वाटेतल्या गल्लीत षटकोनी पेव्हर ब्लॉक आहेत. एका बिंदूत तीन ब्लॉक मिळतात, म्हणून प्रत्येक कोन १२० अंशांचा. मुलांना पुठ्ठ्याचे सुसम पंचकोन कापून दिले की ते त्याच जागेवर मांडून बघतात आणि फट राहते. १०८ गुणिले तीन, ३२४. उरलेले ३६ अंश डोळ्यांना दिसतात.

दुसरा थांबा काटकोनाचा. माझे वडील गवंडी होते. पाया आखताना ते सुतळीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करायचे आणि तिघांना तीन टोकं धरायला लावायचे. लहानपणी मी त्यातलं एक टोक धरलेलं आहे. त्या त्रिकोणाला पायथागोरसचं नाव आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे त्यांना त्याच्यावरूनच कळायचं. एखाद्या जुन्या ओट्याचा कोपरा मुलांना असा तपासायला द्या. एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि कर्ण मोजा. पाच फूट एक इंच आला तर कोपरा काटकोनापेक्षा मोठा आहे की लहान? इथे आकृती काढायच्या आधी उत्तर द्यायला लावा. वाटेत बांधकाम चालू असेल तर मिस्त्रींना दोन मिनिटं विचारा. लेव्हल पाइप कसा वापरतात हे ते मनापासून दाखवतात, आणि ज्या मुलांचे वडील किंवा काका त्या कामात आहेत ती मुलं त्या दिवशी गटाच्या पुढे चालतात.

गट, सामान, परवानगी

चारचे गट. एकाने मापायचं, एकाने दोरी धरायची, एकीने लिहायचं, आणि चौथ्याचं काम शंका काढणं: ‘टेप ढिला आहे’, ‘शून्यापासून धरला का?’ प्रत्येक थांब्यावर कामं बदलायची. नाहीतर नेहमी तीच मुलगी लिहिते आणि तोच मुलगा टेप धरतो. गटांनी वेगवेगळ्या थांब्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे एका पाराभोवती पन्नास मुलं गोळा होत नाहीत. थांब्यांमध्ये अंतर असेल तर प्रत्येक गटाबरोबर मोठं माणूस हवं.

सामानात प्रत्येक गटाला पाच मीटरचा टेप, सुतळी, खडू, पुठ्ठ्याचा पॅड आणि दोऱ्याचं ते साधन. तीस मीटरची लांब फीत सगळ्यांत मिळून एक पुरते. मोबाइल फक्त सोबतच्या पालकांकडे. पाणी, टोपी, आणि पिशवीत थोडी औषधं.

कागदावर प्रत्येक मापाआधी अंदाजाची जागा ठेवा, आणि अंदाज लिहिल्याशिवाय टेप हातात देऊ नका. मुलं अंदाज चुकण्याला घाबरतात, मागून खोडून दुरुस्त करतात. म्हणून अंदाज पेनाने लिहायचा आणि त्याला गुण नाहीत. दोन-तीन थांब्यांनंतर त्यांचे अंदाज जवळ यायला लागतात आणि ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

पालकांची संमतीपत्रं आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या. परवानगी मागताना ‘सहल’ हा शब्द वापरू नका. माझ्या पहिल्या अर्जावर ‘अभ्यासक्रम पूर्ण नसताना सहल कशाला’ असा शेरा आला होता. दुसऱ्या वर्षी मी अर्जाबरोबर प्रत्येक थांबा आणि त्यासमोर पाठ्यपुस्तकातलं प्रकरण असा तक्ता जोडला: पार म्हणजे वर्तुळ, खांब म्हणजे समरूपता, ओटा म्हणजे पायथागोरस. परवानगी त्याच दिवशी मिळाली.

गणिताच्या अशा वाटा १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये आखल्या गेल्या आणि तिथून जगभर पसरल्या. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या गटे विद्यापीठाने ‘मॅथसिटीमॅप’ नावाचं मोफत अ‍ॅपही केलं आहे. त्यात शिक्षक नकाशावर आपले प्रश्न ठेवू शकतात आणि मुलांना टप्प्याटप्प्याने सूचना मिळतात. स्वतःची पहिली फेरी झाल्यावर ते बघा. सुरुवात कागदावर करा, कारण पडद्यावर ‘चूक’ असं उमटलं की मुलं पुन्हा मोजण्याऐवजी दुसरा आकडा घालून बघतात.

घाट नसेल तर

दिंडोरी, निफाडकडच्या शाळांनी घाट शोधू नये. द्राक्षबाग आहे. ओळींत नऊ फूट आणि वेलींत पाच फूट अंतर असेल, तर एकरात वेली किती? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एका वेलीला ४५, उत्तर ९६८. मग बागेत जाऊन मोजा. तेवढ्या भरत नाहीत, कारण बांधालगत ट्रॅक्टर वळवायला जागा सोडलेली असते. ती किती सोडली आहे हे वेलींच्या संख्येवरून काढायला सांगा आणि मग फीत लावून तपासा. कांदाचाळीत घनफळ आहे, आणि चाळीचा मालक शेजारीच उभा असतो, त्याला चाळीत किती क्विंटल माल बसतो ते तोंडपाठ असतं. मुलांच्या उत्तराची परीक्षा तोच घेतो.

पांडवलेणीला नेणार असाल तर एक नीट लक्षात ठेवा: ते संरक्षित स्मारक आहे. भिंतीला खडू नाही, सुतळी नाही, हात नाही. तिथे नजरेने आणि कोनमापकानेच काम करायचं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची नालाच्या आकाराची कमान आणि आतला स्तूप एवढ्यावर एक अख्खी सकाळ जाते.

दुसऱ्या वर्षीचे प्रश्न मुलांकडून घ्या

फेरीनंतर आठवड्याभरात प्रत्येक गटाने एक नवा प्रश्न काढून आणायचा. कसोटी तीच, तिथे गेल्याशिवाय उत्तर येता कामा नये. दहा गटांतले सात प्रश्न या कसोटीवर पडतात, आणि ते का पडले हे वर्गानेच सांगायचं. उरलेल्या तीनांतला एक पुढच्या वर्षीच्या फेरीत जातो, गटाच्या नावासकट.

गेल्या वर्षीच्या एका गटाने मारुतीचाच प्रश्न पुढे नेला. त्यांनी गुडघा, कंबर, छाती आणि गळा या चारही पातळ्यांना घाटाची कोणती पायरी येते ते आडव्या नजरेने काढलं. तिथे दिसणारा एक दगडी खांब खूण म्हणून धरून त्यांनी पायऱ्यांना क्रमांक दिले आणि तक्ता वर्गात लावला. पुराच्या वेळी मुलांना घाटावर न्यायचं नाही, पुलावरही नाही, हे मी तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, वर्तमानपत्रात फोटो येतोच, त्यात मारुती आणि पायऱ्या दोन्ही दिसतात. पावसाळ्यात पहिला असा फोटो आला त्या दिवशी चौघंजण प्रार्थनेच्या आधीच वर्गात येऊन तक्त्यासमोर उभे होते. फोटोत पाणी मारुतीच्या कमरेला होतं. तक्त्याप्रमाणे अकरावी पायरी बुडायला हवी होती, फोटोत दहावी बुडालेली होती. त्यातली एकजण हातातला पेपर खिडकीपाशी उजेडात धरून पायऱ्या पुन्हा वरून खाली मोजत होती.